पुढील अठ्ठेचाळीस तास

"कपिल, तुझ्या त्या अंदाजात माझं नाव कधी यायचं रे?"

विचारलं एकदाचं! पायल आणि आसिया या मैत्रिणींनी भडंगाच्या पुड्यावर पैज लावली होती, आणि अकरावीतली नीलिमा आता पैजेला घाबरणारी उरली नव्हती. कपिल रोजच्यासारखा शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर हवामान लिहीत होता. रात्री टीव्हीवर बातम्या संपताना देशाचा नकाशा दिसायचा, तेवढ्यात तो वहीत टिपून घ्यायचा आणि सकाळी खडूनं फळ्यावर उतरवायचा. प्रश्न ऐकला आणि खडूचे दोन तुकडे झाले.

"दिल्लीहून येतो तो अंदाज," तो कानापर्यंत लाल झाला. "एवढं... एवढं बारीक सांगत नाहीत."

"मग कुठवर सांगतात?"

"मध्य महाराष्ट्रापर्यंत."

खांबाआड दोघी फिदीफिदी हसल्या. नीलिमाही हसली — आणि मग फळा वाचू लागली. 'पुढील अठ्ठेचाळीस तासांत दक्षिण मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.'

नोव्हेंबरचं आभाळ तर धुतल्यासारखं निळं होतं. पण कृष्णाकाठी तिच्या आबांच्या वीटभट्टीवर, आईनं दिवाळीपासून थापलेल्या कच्च्या विटा उघड्यावर वाळत होत्या. एक सर आली की सगळ्याचा पुन्हा चिखल!

शाळा सुटल्यावर तिनं त्याला सायकलींपाशी गाठलं.

"नक्की पडणार?"

"शक्यता आहे."

"आवं शास्त्रज्ञ! आबा म्हणणार, झाकल्या की विटा वाळत न्हाईत, आणि परवा भट्टी लावायचीय. मी काय सांगू त्यांना? शक्यता?"

"कालपासून वारा पूर्वेचा सुटलाय... मी असतो तर झाकल्या असत्या."

"असतो तर! तू कधी खात्रीनं काय बोलतोस का रे?"

कपिलनं सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजवली.

"एक सांगतो. तू रोज आठ वाजून पाच मिनिटांनी फळ्यापाशी येतेस. आणि मी... दोनच तर ओळी असतात. तू येईपर्यंत संपू नयेत म्हणून सावकाश लिहितो."

गार वारा आला, तरी नीलिमाचे गाल तापले.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"अख्खा पावसाळा वाया घालवलास की रे!" ती खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "ताडपत्री धरायला येशील? पाऊस नाही पडला, तर आबा तुझ्या नावानं शिमगा करतील..."

"घरी सांगून आलोच."

या वेळी त्यानं 'शक्यता' म्हटलं नाही.

भट्टीवर आबा विटा उलटत होते, आई चिखलाचे हात धूत होती. नीलिमानं दप्तर खाली टाकलं.

"आबा, आई, मी ठरवलंय. विटा आजच झाकायच्या."

"कार्तिकात कसला पाऊस गं?" आबा हसले. "आन् झाकायला माणसं कुठायत?"

वळणावर सायकलची घंटी वाजली. दोनदा.

"एक आलाय बघा. कपिल नाव त्याचं," नीलिमा ताठ उभी राहून म्हणाली. "आन् आबा, पाऊस पडो न पडो, त्याला च्या पाजल्याबिगर मी सोडणार न्हाई!"