चपट्या बोंडाचा बोल्ट

साबिनाच्या घरी मी निघाले होते ती तिच्या नवऱ्याच्या बंदुकीचा बोल्ट काढायला. वाटेत थोडं सरपणही गोळा करायचं होतं. गावात हे बोल्ट काढायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याइतकं नीट कुणी करत नाही.

आमच्या तारुमा देशात शिपाई घरी येतो तो बंदूक घेऊन. शिपाई आला नाही तरी बंदूक येतेच. सगळ्यांना एकाच घडणीची, लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. तिला आम्ही देशाच्याच नावानं तारुमाना म्हणतो. गोळी भरताना मागे ओढायचा तो लोखंडी बोल्ट जोवर तिच्यात आहे, तोवर तिचा मालक जिवंत धरायचा. तो मेला की बोल्ट लाल फडक्यात बांधून त्याच्याबरोबर पुरायचा. प्रेत सापडलं नाही तर एकट्या बोल्टाला कबर. आणि काढताना बायकोनं तो बघायचाही नाही, म्हणून परकी बाई लागते.

माझा क्लेतो आणि साबिनाचा उबाल्दो मिठागरांच्या लढाईला एकत्र गेले. परत आल्या त्या एका खेचरावर लादलेल्या दोन बंदुका. मी आठवडाही काढला नाही. तेव्हा हे काम म्हातारी तोमासा करायची. तिला बोलावलं, तोंड भिंतीकडे केलं, म्हटलं, ने. मी वाट बघत बसणारी बाई नाही. तेव्हापासून घरात माझ्या आवाजाखेरीज आवाज नाही, आणि तोही मी ओल्या लाकडांशी भांडते तेव्हाचा.

साबिनानं मात्र तीस वर्षं बोल्ट काढू दिला नाही. आता ती खेचरवाल्या हासिंतोशी लग्न करणार होती, साठी उलटल्यावर! बोल्ट घरात असेल तर पाद्री लग्न लावत नाही, म्हणून मी.

दुपार कलली होती. खिंडीतून धुकं उतरत होतं, ओल्या लोकरीसारखा वास घेऊन. साबिनाच्या दाराशी, पायरीच्या दगडावर, बटाट्याच्या सूपचा भरलेला वाडगा ठेवलेला. त्याच्यापुढे बुटांच्या दोन ओल्या खुणा. चवडे दाराकडे.

"नवरदेव येऊन गेले वाटतं?" मी आत शिरत म्हटलं.

"हासिंतो चपला घालतो," साबिना म्हणाली. ती हसली नाही.

"मग हे बूट कुणाचे?"

तिनं दार लोटून घेतलं. "धुकं पडलं की येतो, रेमिहिया. बाहेर उभा राहतो... खोकतो. आत काही येत नाही. मी वाडगा ठेवते. खात नाही. फक्त सूप बर्फासारखं गार होतं."

"उबाल्दो?"

"आणखी कोण? पण..." तिनं शालीचं टोक पिळलं. "उबाल्दो कुंपणापासून माझ्या नावानं बोंब ठोकायचा, आठवतं ना? हा इतक्या वर्षांत एकदाही नाव घेत नाही. परक्याच्या दारात उभा राहावा, तसा उभा असतो."

"तोंड कर भिंतीकडे," मी म्हटलं. "आणि चोरून बघू नकोस, नवरीबाई."

बंदूक चुलीच्या वर टांगलेली. नळीला साबिना तेल लावायची, बोल्टाला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तो गंजून अडकला असेल म्हणून मी हातोडी आणली होती. तिची गरज पडली नाही. दांडी उचलली, मागे ओढली, आणि बोल्ट लोण्यातून यावा तसा हातात आला. लखलखीत. आणि कोमट... कुणीतरी आत्ताच मुठीतून सोडल्यासारखा.

दांडीच्या टोकाचं बोंड एका बाजूनं चपटं होतं.

ते चपटं माझ्या चुलीच्या दगडावर झालं होतं. क्लेतो रजेवर आला की त्या बोंडानं अक्रोड फोडायचा, आणि मी ओरडायचे, देशाची बंदूक आहे ती, खलबत्ता नव्हे! दोघे मित्र एकाच घोंगडीवर बंदुका उघडून पुसायचे. कधीतरी बोल्ट अदलाबदल झाले असतील. आणि मी बघितलं नव्हतं. बघायचंच नसतं.

म्हणजे मी पुरायला दिलेला बोल्ट उबाल्दोचा; माझ्या हातानं मेला होता तो उबाल्दो. आणि क्लेतो...

बाहेर कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब. खाणीची धूळ बसलेल्या छातीतला तो खोकला मी हजार माणसांत ओळखीन.

"आला..." साबिना भिंतीशी कुजबुजली.

गप्प राहून बोल्ट पुरला असता, तर तिचं लग्न सुखानं लागलं असतं आणि क्लेतो कायमचा मेला असता. पण मनात एक आणि ओठावर दुसरं, हे मला जमत नाही.

"वळ इकडे," मी म्हटलं. "बघ खुशाल. हा तुझ्या नवऱ्याचा नाही. तुझा उबाल्दो कधीच मातीत गेला, माझ्या नवऱ्याच्या क्रूसाखाली. तू मोकळी आहेस, साबिना. तीस वर्षं मोकळी आहेस."

ती बोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग मी वाडगा कुणाला ठेवत होते गं?"

मी बोल्ट शालीआड घेतला आणि दार उघडलं. कुणी नव्हतं. वाडग्यातल्या सूपवर बर्फाची साय धरली होती.

ओढा ओलांडून घरी येईपर्यंत मागे बूट वाजत होते. मी थांबले की थांबायचे. मी वळले नाही. घरी येऊन बोल्ट क्लेतोच्या रिकाम्या बंदुकीत सरकवला, दार सताड उघडं टाकलं आणि मोठ्यानं म्हटलं, "क्लेतो, घर हे आहे. ये आत."

खोकला आला. पायरीवरून.

साबिना लग्न करून खालच्या खोऱ्यात गेली, तिचं घर बंद आहे. धुकं पडलं की तो माझ्याकडे येतो. मी अक्रोड फोडून ठेवते. बोल्टाला रोज हात लावून बघते. साबिनाकडे कोमट होता, माझ्याकडे गार असतो. आणि पायरीवरच्या ओल्या खुणा... शिपाई पहाऱ्याला दाराकडे पाठ करूनच उभा राहतो, असं मी स्वतःला सांगते. कारण टाचा माझ्या उंबऱ्याला टेकलेल्या असतात, आणि चवडे ओढ्यापलीकडच्या त्या बंद दाराकडे.