खांद्यावरची थाप

गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोडा आधी पुढचा. माणूस कुठून उठतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली की तो वाऱ्यानं पडत नाही.

आत्या म्हणते, ज्याला वाट बघता येते त्याला घड्याळ लागत नाही. स्वतः मात्र दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभी राहत नाही.

क्लच डाव्या हाताला असतो. पुढचा ब्रेक उजव्या.

आणि काही माणसं... काही माणसं पाठमोरीसुद्धा ऐकत असतात.

*

दवाखान्यात फोन वाजला तेव्हा मी एका बोक्याच्या कानात औषध घालत होते. बोका काखेत, फोन गाल आणि खांद्याच्या मध्ये.

"जनावरांचा दवाखाना ना? इथं... म्हणजे माझ्याकडे... एक बाळंतीण आहे."

"गाय की म्हैस?"

"कुत्री. माझी नाही. गाडी माझी आहे. ती गाडीखाली आहे."

"अरे देवा, धडकली?"

"छे हो! मोटारसायकलवर कापड टाकलेलं होतं, त्याच्या आत शिरून व्यायली. मला एवढंच विचारायचंय, गाडी हलवली तर चालेल का?"

पत्ता दवाखान्यापासून जवळच होता. जेवणाच्या सुट्टीत गेले. ट्रकचा एक जुना, बंद पडलेला डेपो, समोर सिमेंटचं लांबरुंद पटांगण, कडेला पत्र्याची शेड. फाटकावर रंगानं लिहिलेलं: 'मोटारसायकल शिका.' खाली खडूनं: 'वर्ग बंद. गाडीखाली बाळंतीण आहे.'

ती खडूची ओळ मी दोनदा वाचली. मग केसांवरून हात फिरवला. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

तो शेडच्या दारात उकिडवा बसला होता. बाह्या दुमडलेल्या, समोर पाण्याचं भांडं. आत जाऊ की नको, अशा चेहऱ्यानं.

"डॉक्टर का? हळू या. ती माझ्यावर गुरगुरते."

"तुम्ही तिच्या घरात पाय टाकताय, मग काय ओवाळेल?"

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी.

मी कापड उचलून पाहिलं. चाकाच्या आडोशाला पिल्लं एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी झोपली होती. "डोळे उघडेपर्यंत हलवू नका," मी म्हणाले. "दीडेक आठवडा लागेल."

"बरं."

बस. एवढंच. शिकवायला त्याच्याकडे तीच एक गाडी होती, आणि तो नुसतं 'बरं' म्हणाला.

"तोवर काय कराल?"

"चालेन. चालायला परवाना लागत नाही."

मी पिशवी खांद्याला लावली, फाटकापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, "यांचे डोळे उघडले, की पहिला वर्ग माझा."

*

हे मी त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले नव्हते. निदान फक्त त्याच्यासाठी तरी नाही.

माझी नेमणूक झाली होती. डोंगरातला फिरता दवाखाना, एक डॉक्टर, एक मोटारसायकल. तिथं वासरू आडवं आलं तर निरोप खाली पोचेपर्यंत गाय गेलेली असायची. इथं मी लठ्ठ बोक्यांची नखं कापत होते. ते काम मला हवं होतं, तहान लागल्यासारखं हवं होतं. अट एकच: महिनाअखेरीपर्यंत परवाना. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्याला.

"सायकल शिकताना तू शेजारच्यांच्या सगळ्या कुंड्या फोडल्यास," आत्या म्हणाली. मी तिच्याकडेच राहते. "आता मोटारसायकल! त्यांना आधी सांगून ठेवते बाई, कुंड्या आत घ्या म्हणून."

*

"हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "आणि ओरडलं की शिकणारा दचकतो. म्हणून मी मागं बसतो आणि बोलत नाही. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे ब्रेक. डाव्या खांद्यावर म्हणजे क्लच. चालेल? नको असेल तर मोकळेपणानं सांगा, दुसरं काहीतरी काढू."

"चालेल. मीही गाईंना असंच सांगते."

"म्हणजे मी तुम्हाला गाय—"

"चालेल म्हटलं ना, मास्तर."

गाडी सुरू झाली, दोन बेडूकउड्या मारल्या आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा माझं हेल्मेट टाकीवर आपटता आपटता राहिलं.

"डॉक्टर, तुम्ही क्लच सोडत नाही, फेकता."

"मग कसा सोडू?"

"घाबरलेल्या जनावराला सुई कशी टोचता?"

"त्याला कळणार नाही अशी."

"मग तशीच."

मी बोटं एकेक करून सैल केली. कुठंतरी पोटात गाडीनं पकड घेतली... आणि पटांगण मागं जायला लागलं. मी ओरडले. मागून थाप नाही, शब्द नाही. पण तो हसतोय, हे माझ्या पाठीला कळलं.

*

तो पूर्ण तळवा कधी टेकवत नसे. फक्त दोन बोटं. आली, म्हणाली, गेली.

हाताला साबणाचा आणि त्याखाली पेट्रोलचा वास. साबण कितीही लावला तरी पेट्रोल जिंकायचं.

घरी कांदा चिरताना माझा उजवा खांदा आपोआप थोडा वर व्हायचा. आत्या विचारायची, "मान आखडली का गं?" मी म्हणायचे, "हो." आत्या म्हणायची, "शेकून घे." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायची. "की शेकून जाणारं दुखणं नाही ते?"

खरं सांगायचं तर ब्रेक कुठं दाबायचा हे मला लवकरच समजायला लागलं होतं. थांबायच्या जागी ठेवलेला वाळूचा डबा जवळ आला की पाय तयार असायचा. तरी मी थांबायचे. श्वासाएवढं थांबायचे. मग ती दोन बोटं यायची, आणि मगच मी पाय दाबायचे. गाडी नीट उभी राहायची, तो म्हणायचा "छान", कुणाचं काही बिघडत नव्हतं.

असं मला वाटत होतं.

*

एका संध्याकाळी बारीक सरी आल्या. सिमेंट ओलं झालं तसा त्यानं वर्ग थांबवला. शेडमध्ये आम्ही दोघं, चहाचा एक थर्मास, आणि आता डोळे उघडून सगळ्या जगाच्या बुटांच्या नाड्या चावणारी पिल्लं.

"डोंगरातले रस्ते कसे आहेत?"

"वळणावळणाचे आहेत म्हणतात."

"मग आठचा आकडा पक्का हवा. दोन डब्यांभोवती पाय न टेकता."

"आणि पक्का झाला की?"

"झाला की..." त्यानं थर्मासचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. "तुम्ही जाणार."

"आणि नाही झाला तर?"

"तर मी वाईट मास्तर."

"मला वाईट मास्तर चालला असता," मी म्हणाले.

पत्र्यावर सरी वाजत होत्या. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. पण एका पिल्लाच्या तोंडातून स्वतःची नाडी सोडवायला त्याला फारच वेळ लागला.

*

पहिली परीक्षा, परीक्षकांच्या बाजूनं:

बाईंनी गाडी व्यवस्थित सुरू केली. आठ उत्तम काढला, पाय टेकला नाही. हात दाखवून वळल्या. थांबण्याच्या रेषेजवळ आल्या. थांबल्या नाहीत. रेषा ओलांडून, डबा पाडून, खुर्चीच्या रोखानं आल्या. परीक्षकांना उठून पळावं लागलं. नापास.

पहिली परीक्षा, माझ्या खांद्याच्या बाजूनं:

रेषा दिसली. पाय तयार होता. मी थापेची वाट बघितली. रेषा जवळ आली. मी वाट बघितली. मागची सीट रिकामी होती, मला माहीत होतं ती रिकामी आहे, आणि तरी मी... वाट बघितली.

डबा पडल्याच्या आवाजानं मी भानावर येऊन ब्रेक दाबला. मान वर केली. कुंपणापलीकडे तो उभा होता. त्याचा उजवा हात पुढं आला होता, आणि दोन बोटं हवेत टेकलेली होती.

"बाई, रेषा दिसली नाही का?" परीक्षक धापा टाकत विचारत होते.

"दिसली हो."

"मग?"

मग काय सांगणार, कपाळ!

*

"चूक माझी आहे," बाहेर आल्यावर तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "मी तुम्हाला गाडी शिकवलीच नाही. माझं ऐकायला शिकवलं."

"ऐकत मी होते. तुमची काय चूक?"

"तुम्हाला ब्रेक कधीच कळायला लागला होता. मला माहीत होतं. तुमचा पाय आधी हलायचा, मग थांबायचा." तो जरा घुटमळला. "मी थाप द्यायची बंद करायला हवी होती. नाही केली."

"का नाही केलीत?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि त्याला न बोलायला निमित्त मिळालं.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा आहे," शेवटी तो म्हणाला. "महिना संपायच्या आत. ती गेली तर तुमची नोकरी गेली. उद्यापासून मी मागं बसणार नाही."

*

तो पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. नुसता उभा नाही, माझ्याकडे पाठ करून! माझी नजर त्याच्या हाताकडे जाते म्हणून.

त्या आठवड्यात मी त्याची पाठ पाठ केली. शर्टाची कॉलर, मानेवरचा वळणारा केस, डाव्या पायावर टाकलेला भार. मी गाडी चालवायचे आणि तो भिंतीकडे बघायचा. गिअर चुकला की त्याची मान किंचित वाकडी व्हायची. इतक्या लांबूनही, पाठमोरा असूनही, कानानं तो माझ्याच मागं बसलेला असायचा.

आणि मला त्याची बोटं हवी होती. ब्रेक सांगायला नको होती. नुसती हवी होती.

शेवटच्या दिवशी मी सरळ त्याच्या रोखानं आले. त्याच्या मागं खडूची रेघ होती. पाय दाबला. इंजिन बंद केलं.

तो वळला नाही. "थांबलात?"

"रेषेवर."

"कुणाची वाट न बघता?"

"ब्रेकसाठी... कुणाची नाही."

त्याचे खांदे खाली आले. "मग झालं तुमचं शिकून," तो भिंतीला म्हणाला.

*

दुसऱ्या परीक्षेत पास झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. परीक्षकांनी खुर्ची आधीच लांब नेऊन ठेवली होती.

*

निघायच्या दिवशी सकाळी दवाखान्याची मोटारसायकल दारात, औषधांची पेटी मागच्या कॅरिअरला बांधलेली.

"मास्तरांना भेटून जा," आत्या म्हणाली. "आणि मग फोनवर मला 'काही नाही गं, सहज भेटले' असलं ऐकवू नकोस. मी उन्हात केस पांढरे केलेले नाहीत."

तो पटांगण झाडत होता.

"बसा मागं," मी म्हणाले.

"कुठं?"

"विचारायचं नाही. मागं बसणारा बोलत नाही, तुमचाच नियम."

त्यानं झाडू भिंतीला टेकवला, हेल्मेट घातलं, बसला. मी फाटकातून गाडी काढली. बाजार, शाळा, पूल. वळणं आली, गतिरोधक आले, एक बकरी आडवी आली. मी ब्रेक दाबले, सोडले. मागून काही आलं नाही. शहर संपलं तिथं डोंगराचा रस्ता वेगळा होतो. तिथं मी थांबले.

मागं त्याचा हात उचलला गेला. रस्त्यावर पडलेल्या आमच्या सावलीत मला दिसलं.

"हात नको," मी म्हणाले. "तोंडानं सांगा."

"मला बोलायचा सराव नाही."

"मला गाडीचा होता?"

तो उतरला. हेल्मेट काढलं. कपाळाला केस चिकटलेले. "तुम्ही गेल्यावर इतर लोक शिकायला येतील," तो म्हणाला. "मी त्यांच्या मागं बसेन. आणि ते खांदे तुमचे नसतील. मला त्या लोकांचा आत्तापासूनच राग येतोय."

"त्या बिचाऱ्यांचा काय दोष?"

"काहीच नाही. दोष कुणाचाच नाही, म्हणून तर..." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "जाऊ नका असं म्हणायला आलो नाही मी. तुम्ही जायलाच हवं. नाही गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"तसेही तुम्ही कुठं बोलता!"

आता तो हसला, आवाज करून. मी पहिल्यांदाच ऐकला तो आवाज. असं काही असतं हे आधी माहीत असतं, तर मी गाडी आणखी सावकाश शिकले असते.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "हे खांद्याचं म्हणणं नाही. माझं आहे."

तो पुढं झाला, माझ्या हेल्मेटचा पट्टा सैल होता तो नीट लावला. पट्टा लागल्यावरही त्याची बोटं तिथंच राहिली... हनुवटीपाशी. "मलाही," तो म्हणाला. "कधीचं."

मग मी निघाले. वासरं कुणासाठी थांबत नाहीत.

आरशात तो बराच वेळ मावला. पहिल्या वळणापर्यंत.

मला नंतर कळलं, डोंगराच्या पायथ्याच्या गावात मोटारसायकल शिकवणारं कुणी आहे का, हे त्यानं तिथल्या एका गॅरेजवाल्याला फोन करून विचारलं होतं, माझ्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. तेव्हा तरी कुणी नव्हतं.