रंगांना विश्रांती

लिफ्टमध्ये तो भेटला तेव्हा माझे दोन्ही हात एका वाडग्याखाली होते. सातशे वर्षांचा, हिरवट झिलईचा, ओंजळीत मावेल एवढा वाडगा. आमच्या विद्यापीठाच्या आशियाई कलासंग्रहातली कुठलीही वस्तू दोन्ही हातांनीच धरायची, असा नियम. पण मग लिफ्टचं बटण कुणी दाबायचं, हे नियमात लिहिलेलं नाही.

"तिसरा मजला... प्लीज," मी हनुवटीनं बटण दाखवलं.

त्यानं दाबलं. तेवढ्यात माझी बट सुटून डोळ्यावर आली. मी फुंकर मारली. बट उडाली आणि परत तिथेच येऊन बसली.

"बाजूला करू?"

"नको. हात अडकलेले असताना मी अनोळखी माणसाची मदत घेत नाही."

"आत्ताच घेतलीत की."

"ते विद्यापीठाचं बटण होतं."

तो हसला, अगदी आवाज न करता. जणू वाडगा झोपला होता आणि जागा झाला असता. दार उघडलं आणि दोघंही एकाच मजल्यावर उतरलो. संग्रहाचे फोटो काढायला बोलावलेला फोटोग्राफर तोच निघाला.

महिनाभर आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो. मी वस्तू ठेवायची, जुना तडा कुठे, टवका कुठे ते नोंदवहीत लिहायचं. तो दिवे लावायचा, हलवायचा, परत हलवायचा. ध्यानस्थ मूर्तीला म्हणायचा, "बाई, जरा इकडे बघा." आणि बघायची मी.

घरी वहिनीनं डबा घासायला घेतला आणि म्हणाली, "चाटूनपुसून यायला लागलाय हल्ली. एकटीच खातेस, की भागीदार मिळालाय?"

"भूक वाढलीये."

"हो का? भुकेला नाव-गाव असेल तर तुझ्या दादाला सांगू."

सगळ्यात शेवटी राहिलं ते गुंडाळीचं चित्र. नदीकाठचं, आठ मीटर लांब. ते भिंतीवर टांगत नाहीत. टेबलावर ठेवून हातभर उघडायचं, बघायचं, मागचं गुंडाळत पुढचं उघडायचं. त्याला माणसं दोन लागतात. हातमोजेही नाहीत, कारण मोज्यातून बोटांना कागद कळत नाही. एकवीस तुकड्यांत फोटो काढायचे, दोन दिवसांचं काम. मग तो दुसऱ्या गावच्या संग्रहालयात जाणार होता... तिथलं काम ठरलेलंच होतं.

तीन तुकडे झाले आणि मी एकदम म्हणाले, "आज बस. रोज तीनच. रंगांना विश्रांती लागते."

असा नियमच नाही. प्रकाश मंद ठेवायचा, एवढंच आहे. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला कळलं नाही. कान मात्र तापले.

त्यानं मंद दिव्यांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "लागत असेल," म्हणाला आणि दिवे बंद केले.

चित्रात एक छत्रीवाला होता. नखाएवढा. प्रत्येक तुकड्यात थोडा पुढे गेलेला.

"कुठे निघालाय हा?"

"मला शेवट माहीत आहे."

"सांगू नका. बायकोशी भांडून निघालाय, बहुतेक."

"छत्री घेऊन? भांडून निघालेला माणूस छत्री विसरतो."

"अनुभव दिसतोय."

"दादाचा. आमच्या घरातली छत्री अजून कोरी आहे."

चौथ्या दिवशी धो-धो पाऊस लागला. खोलीतली हवा दमट झाली आणि चित्र उघडताच येईना. हा नियम मात्र खराखुरा होता. खिडकीशी चहा पिताना तो म्हणाला, "आज हवेनंही तुमची बाजू घेतली." मी कपात बघत राहिले.

सातव्या दिवशी विभागप्रमुख बाई आत आल्या. "दोन दिवसांचं काम ना हे? तिकडून फोन येतायत, फोटोग्राफर कधी सोडताय म्हणून."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. या टेबलावर मी आजवर एकही खोटी नोंद केली नव्हती.

"चूक माझी, मॅडम," तो म्हणाला. "हात हळू आहे माझा. उद्या संपतं."

त्या गेल्या. तो भिंगावर फडकं फिरवत बसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. रात्रभर मला तेच आठवत राहिलं. लबाडी माझी, आणि बोल त्याला.

दुसऱ्या दिवशी शेवटचे तीन तुकडे. एकविसाव्यात छत्रीवाला नव्हताच. एक लहानसं घर, अर्धवट उघडं दार, आणि दाराशी टेकवलेली मिटलेली छत्री.

"पोहोचला," तो हळूच म्हणाला.

कॅमेरा बंद झाला. आता गुंडाळायचं. तो त्या टोकाला, मी या टोकाला. कागद ताणायचा नाही, ढिला सोडायचा नाही. आठ मीटर नदी आमच्यामधून हळूहळू कमी होत होती.

"एक सांगायचंय," मी म्हणाले. नजर कागदावरच ठेवली. "तो रंगांचा नियम... मी रचलेला होता. तुम्ही जाऊ नये म्हणून. बाईंना मी आजच खरं सांगणार आहे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अकरा वर्षं हेच करतोय. कुठल्याच गावचे रंग इतके दमत नाहीत."

"मग... पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

त्याची बोटं माझ्या बोटांपाशी येऊन थांबली. मध्ये फक्त गुंडाळी. "बोललो असतो तर दोन दिवसांत संपलं असतं ना."

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. आम्ही दोघंही हललो नाही.

"सोमवारी जायचंय मला," तो म्हणाला. "तिकडचं काम टाळता येणार नाही. पण दर शनिवारी गाडी आहे. येऊ?"

"रोज तीनच तुकडे, असं काही आता नाही."

"ये म्हण, नाहीतर नको म्हण. नियम सांगू नकोस."

तो 'तू'वर कधी आला, मला कळलंसुद्धा नाही.

"ये," मी म्हणाले. "छत्री घेऊन ये. दाराशी ठेवायला जागा आहे."

माझी बट सुटून डोळ्यावर आली. त्यानं पाहिलं, पण दोघांचेही हात अडकलेले. मी रेशमी दोरी तीनदा फिरवून बांधली. चित्र पेटीत ठेवलं, झाकण लावलं. आता माझे दोन्ही हात मोकळे होते... तरी बट मी तशीच राहू दिली.

"बाजूला करू?" त्यानं विचारलं.