मावशीची शिट्टी

इंजिन

सकाळी सातला पांढुर्ण्यात प्रतिभाताई कळंब्यांच्या दारात वैशाली सोमकुंवर उभी होती. बोरगावहून पहिल्या गाडीनं आलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ताई, माह्या बाबाले चोर म्हणून राहिले."

प्रतिभाताई वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे उघडे पाडत होत्या; आता दारावर स्वतःची पाटी होती. मंगेश त्यांची गाडी चालवायचा आणि वहीत टिपणं काढायचा. दोन्ही सावकाश.

सौंसरच्या वाटेवर वैशालीनं सगळं सांगितलं. खाणीची जुनी फाट्याची लाईन, तीवरचं वाफेचं इंजिन. खाणकामगार त्याला 'मावशी' म्हणत. तीस वर्षांनी मावशी आज दुपारी चारला धावणार होती आणि चालवणार होते वैशालीचे वडील देवीदास, मावशीचे जुने ड्रायव्हर, वय अठ्ठ्याहत्तर. पण पहाटे पाचला पाहतात तर पितळी शिट्टी गायब आणि इंजिनाखाली देवीदासांचा पाना.

"इंजिनवाल्या संस्थेचे अध्यक्ष फोनवर म्हणते, शिट्टीच्या भोकाले बूच मारू अन् तो इंजिनियर सौरभच चालवील. दहाले आग टाकावी लागते, तवा चारले वाफ होते."

"म्हणजे आपल्याकडे दहापर्यंत वेळ आहे," प्रतिभाताई म्हणाल्या. "मंगेश, ट्रकच्या मागे किती वेळ राहणार?"

"ताई, सावरगावचा माणूस हाय मी. जत्रेतल्या गोटमारीत गोटे चुकवत वाढलो. घाई करत नाई."

पहिला डबा

देवीदास इंजिनाच्या शेडच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसले होते. आत यायला त्यांना बंदी होती.

"बाबा, काल काय काय केलं?"

"शिट्टी चिंचेनं घासली, परत चढवली. पाना तिथंच राह्यला, ते चुकलं माहं. मंग कोळशाच्या डब्यायले चुना माराले गेलो."

"चुना?" मंगेशनं विचारलं.

"खाणीतला रिवाज हाय, बापू. भरल्या डब्यावर चुन्याचं पाणी शिंपायचं. वाळलं का पापडी धरते. कोणं कोळसा काढला का पापडी फुटते, वरून पाह्यलं का दिसते. दोन डबे झाले अन् बालटी सरली. तिसरा सकाळी करीन म्हटलं, अन् घरी गेलो. सकाळी मले आतच येऊ देल्लं नाई."

"कोणाला सांगितलंत हे?"

"कोणाले सांगू? चुना काय सांगाची गोष्ट हाय?"

मंगेशनं वहीत लिहिलं : *डबे, चुना, काही विशेष नाही.*

दुसरा डबा

*भगवंतराव, संस्थेचे अध्यक्ष, संत्र्यांचे व्यापारी :*
"किल्ल्या तिघांकडे. मी, सौरभ, देवीदास. मी काल पाचलेच नागपूरले लग्नाले गेलो, आत्ताच आलो. माह्या डोळ्यासमोर फक्त पाना हाय, ताई."

*नेहा, कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारी :*
"गर्दी मागे ठेवायला मैदानावर रेघा आखायच्या होत्या. पांढऱ्या फक्कीची गोणी मी काल शेडमध्ये ठेवली. सकाळी पाहिलं तर तोंड सुटलेलं अन् फक्की कमी. म्हटलं, उंदरानं फाडली असंल."

*सौरभ, इंजिन दुरुस्त करणारा तरुण इंजिनियर, नागपूरचा :*
"मला वाईटच वाटतंय. पण बाबांचं वय झालंय. परवा सगळ्यांसमोर मला म्हणाले, पोरा, तुले आग लावता येते, ठेवता नाई येत."

"राग आला?"

"हसलो मी."

"कोळशाच्या डब्यांकडे गेला होतात?"

"परवापासून नाही. माझं काम इंजिनाचं."

"कोळसा उपसून पाहू का?"

"कशाला उगाच? तिन्ही डब्यांवरचा चुना जसाच्या तसा आहे. कोणी हात लावला असता तर दिसलं असतं. शिट्टी बाहेर गेली, ताई."

प्रतिभाताईंनी मान हलवली आणि मंगेशला डब्यांवर चढायला लावलं. डबे पलीकडच्या रुळावर, भिंती माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, कोळसा काठाखाली. शिडीवरून तो धापा टाकत वर पोचला.

पहिला डबा : पांढरा. हाताला काळं लागलं.

दुसरा डबा : पांढरा. हाताला काळं लागलं.

तिसरा डबा

पांढरा.

मंगेशला सटासट तीन शिंका आल्या. तळहात कॅरमच्या पावडरीत बुडवल्यासारखा.

"ताई, इथंबी चुना हाय," तो वरून म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून शिडीवर थबकला. वही काढली, सकाळची ओळ पाहिली. "पण बालटी तं दोनातच..."

"ये खाली," प्रतिभाताई हसल्या. "आज तू ट्रकला मागे टाकलंस."

गार्डाचा डबा

साडेनऊला सगळे रुळाशी जमले. देवीदासांनाही आत आणलं होतं.

"देवीदासबाबांचा चुना ओला असतो," प्रतिभाताई म्हणाल्या. "वाळला की कोळशाला घट्ट धरतो. तिसऱ्या डब्यावर आहे ती कोरडी फक्की, नेहाच्या गोणीतली. बाबांनी त्या डब्याला हातच लावला नव्हता. मग कोणी लावला? ज्यानं तिथे शिट्टी पुरली त्यानं. दोन डबे पांढरे अन् एक काळा दिसला तर शंका येईल, असं त्याला वाटलं. काळाच ठेवला असता तर मी फसले असते."

"पण कोण?" भगवंतराव म्हणाले.

"तुम्ही इथून सांगा, भगवंतराव, डब्यात काय आहे?"

भगवंतराव टाचा उंचावून पाहू लागले. "भिंतच दिसते, बाप्पा."

"सौरभला मात्र खालून तिन्ही डब्यांवरचा चुना दिसला. परवापासून तो इकडे आलेलाच नाही म्हणे, आणि चुना तर कालचा. शिट्टी विकायची नव्हती, म्हणून बाहेर नेली नाही. आजचा दिवस गेला की सापडायचीच होती. बाबा चोर ठरले की मावशी याच्या हातात."

मंगेशनं तिसऱ्या डब्यावर चढून फावडं मारलं. तिसऱ्या घावाला खणकन आवाज आला.

सौरभ जमिनीकडे पाहत म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलले होते ते."

"खरंच बोललो होतो," देवीदास म्हणाले. "शिकवतोबी म्हटलं होतं. ते ऐकलं नाई तू."

सौरभनं आपली किल्ली भगवंतरावांच्या हातात ठेवली आणि फाटकाबाहेर गेला. भगवंतरावांनी हात जोडले. "देवीदासजी, माफ करा..."

"माफी मंग मांगा जी. आधी बायलरचं पाणी पाहू द्या."

शिट्टी परत चढली आणि दहाला पाच कमी असताना आग पडली. चुन्याची नवी बालटी कालवून मंगेशनं तिसरा डबा रंगवला, स्वतःच्या सदऱ्यासकट.

चारला देवीदासांनी वैशालीला वर घेतलं आणि शिट्टीची साखळी तिच्या हातात दिली. "वढ. बोरगावात तुह्या मायले आयकू गेलं पायजे."

तिनं ओढली. संत्र्यांच्या बागांतून पाखरं एकदम उठली आणि मावशी निघाली, मागे तीन डबे, तिन्ही पांढरे.