डाव्या पिळाची पेटी

"पाटी चोरीला गेलीय, आणि चोर कोण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," डेलिया फ्रिथ म्हणाली. "तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

उना डिरीननं चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं तिनं हुऑन खोऱ्यातली सफरचंदं तपासली होती. निवृत्तीनंतर ती माणसं तपासत असे.

"सगळ्या गावाला ठाऊक असलेलं बहुधा चूकच निघतं. काय, क्लेम?"

"विक लव्हेलच असणार," क्लेम हेवर्ड म्हणाला. तो उनाचा शेजारी, तिची गाडी हाकणारा आणि तिच्या प्रत्येक तपासात बरोबर असणारा. पण तोही शेवटी गावचाच.

इतिहास मंडळाची जागा म्हणजे जुनी पॅकिंग शेड; पूर्वी तिथं सफरचंदं पेट्यांत भरत. डेलिया मंडळाची चिटणीस. मधोमध टेबलावर ती प्रसिद्ध पेटी होती. १९५९ च्या हिवाळ्यात खोऱ्यात पेटी भरण्याची स्पर्धा झाली होती. हंगाम नव्हता, म्हणून लहानमोठी लाकडी सफरचंदं दिली होती. ती घरी न्यायची, एकेक पातळ कागदात गुंडाळून पीळ द्यायचा आणि पेटी भरून आणायची. बेसिल थॉर्प पहिला आला. साठ वर्षं झाली, तरी त्या पेटीतलं एकही फळ ढळलं नव्हतं. उद्याच्या मेळ्यात तिचं अनावरण होतं आणि बेसिलची विधवा मर्ल दोन शब्द बोलणार होती. पण पेटीवरची बेसिलच्या नावाची पितळी पाटी गायब होती. तिचे चारही स्क्रू एका बशीत नीट ठेवलेले होते.

"किल्ली कुठं असते?"

"दाराजवळच्या कुंडीखाली. सगळ्यांना माहीत आहे."

उना पेटीवर वाकली. "क्लेम, हा एकच कागद पांढरा आहे. बाकी सगळे पिवळे पडलेत."

"जुना फाटला असेल."

"कुणीतरी उघडला म्हणून फाटला. आता पीळ बघ."

"पिळासारखा पीळ," क्लेम म्हणाला; मग त्यानं डोळे बारीक केले. "सगळे डावीकडे वळलेत. नवासुद्धा."

भिंतीवर बेसिलचे दोन फोटो होते. एकात तो उजव्या हातात हातोडी धरून पेटीला खिळे ठोकत होता. दुसऱ्यात डाव्या हातात बक्षिसाचा कप आणि उजवा हात कोटाच्या आत.

"डावखुरा होता तर," क्लेमनं निकाल दिला.

विक बागेत शिडीवर होता. साठी उलटलेला, तोंडानं फटकळ.

"माझा बाप दुसरा आला, उनाबाई. मरेपर्यंत म्हणत होता, ती पेटी बेसिलची नव्हे. मीही म्हणतो. पण म्हणून मी पाटी उचलीन? मंडळातून काढणार आहेत मला. माझी आई ज्या शेडमध्ये राबली, तिथं मलाच बंदी."

मर्ल स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. ब्याऐंशी वर्षांची, पण डाव्या हातातली सुरी अशी फिरत होती की साल एकसंध लोंबत होतं.

"भाषण तयार आहे का, मर्लमावशी?" क्लेमनं विचारलं.

"पाटीच नाही, तर भाषण कशाचं, बाबा?"

"विकला मंडळातून काढताहेत," उना म्हणाली.

साल तटकन तुटलं. "विकला? त्या बिचाऱ्याचा काय संबंध?"

संध्याकाळी उनानं चौघांना शेडमध्ये बोलावलं.

"हातोडी उजव्या हातात धरणारा माणूस कागदाला डावा पीळ देत नाही," ती म्हणाली. "कप डाव्या हातात होता, कारण उजवा दुखावलेला होता. म्हणजे पेटी दुसऱ्याच कुणी भरली. आणि नवा कागद? त्यालाही तोच पीळ, तीच घट्ट मुरड. साठ वर्षांपूर्वी ज्या हातांनी ही पेटी भरली, तेच हात परवा इथं येऊन गेले. विक तेव्हा लहान होता, डेलिया जन्मली नव्हती. आणि स्क्रू बशीत ठेवून जाणारा चोर मी तरी पाहिलेला नाही."

मर्लनं पिशवीतून पाटी काढली.

"बायकांना स्पर्धेत घेत नव्हते," ती शांतपणे म्हणाली. "बेसिलचा हात गाडीखाली चिरडलेला. कळलं असतं तर शेडमधल्या कामावरून त्याला काढलं असतं. म्हणून त्याच्या नावावर मी भरली. उद्या त्याच्या हातांचं कौतुक करायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि खरं सांगायचं म्हणजे मेलेल्या माणसाला उघडं पाडायचं. पाटीच नसली तर प्रश्न मिटेल, असं वाटलं. मग राहवेना. एक कागद उघडला. हातांना अजून येतं का, ते बघायचं होतं."

"आलं की," उना म्हणाली.

"विक, माझ्यामुळं तुला ऐकून घ्यावं लागलं. माफ कर."

विकनं पेटीच्या कडेवर हात ठेवला. "बाप हरला, तो तुमच्याकडून तर. त्यात लाज कसली, मावशी?"

डेलियाचा चेहरा उतरला होता. "मी तुमची माफी मागते, विक. आणि नवी पाटी मर्लमावशींच्या नावाची करते."

"दोघांच्या नावाची," मर्ल म्हणाली. "त्याचा हात मोडला होता, नजर नाही. कोणत्या फळाशेजारी कोणतं बसेल, ते एकेक निवडून तोच देत होता."

दुसऱ्या दिवशी मर्लनं झालं ते चार वाक्यांत सांगितलं. मग तिनं रिकामी पेटी, कागद आणि बागेतली ताजी फळं मागितली, आणि बाह्या सारल्या. फळ, कागद, पीळ. फळ, कागद, पीळ. हात इतके भरभर चालले की डोळ्यांना दिसेनात. मेळ्यातला गलबला हळूहळू थांबला. क्लेमनं नकळत टोपी काढली.

शेवटचं फळ बसल्यावर विकनं उघडी पेटी उचलली आणि सगळ्यांसमोर एका कडेवर पार उभी केली.

एकही फळ हललं नाही.