न मारलेली सोंगटी

"उठा जरा... तुम्ही माह्या पटावर बसले."

भूपेंद्र दचकून उठला. पिपरी मेघेच्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी खेळायला येणाऱ्यांची गर्दी असायची. खुर्चीवरची कापडाची घडी त्याला आसन वाटली होती. पौर्णिमाने ती उलगडली. पांढऱ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने शिवलेली पंचवीस घरं. अष्टाचंगा.

"मले चादर वाटली."

"आता बसलेच, तं खेळा."

ही फेब्रुवारीतली गोष्ट. त्यानंतर अकरा रविवार दोघं समोरासमोर बसली. तो वीज कंपनीत इंजिनियर. दर महिन्याला नवा खेळ मागवायचा. घरी एकोणीस खोकी, त्यांतल्या सहांचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिच्याकडे अल्लीपूरहून आणलेला हा एकच पट होता. अभ्यासिका सांभाळणाऱ्या पुंडलिकरावांचा नियम असा, की हरलेल्याने पुढच्या रविवारचा खेळ ठरवायचा. अकराही वेळा पौर्णिमा हरली. अकराही वेळा म्हणाली, "हाच."

"गणिताच्या बाई, अन् घरं मोजता येत नाई!" तो चिडवायचा. "कंटाळा नाई येत याचा?"

"नव्या खेळात माणूस नियमच पाहत राह्यते. जुन्यात समोरचा दिसते." ती कवड्या खुळखुळवायची. "मोठं दान पाहिजे असलं का तुम्ही कान ओढता..."

त्याने कानावरचा हात झटकन काढला होता.

बाराव्या रविवारी तो उशिरा आला. काखेत नवं खोकं, खिशात कागद.

"बदली झाली. नाशिकले." त्याने खोकं तिच्यापुढे सरकवलं. "हे तुमाले... आठवण म्हणून. जायचं नसन तं उद्या दहाच्या आत अर्ज द्या लागते. कारण लिहून."

"मग?"

"कारण... सापडून नाई राह्यलं."

तिने खोक्याला हात लावला नाही. पट अंथरला.

दोन-दोन सोंगट्यांचा डाव. त्याची एक मधल्या घरात पोचली होती, दुसरी वाटेत. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, म्हणून पौर्णिमाच्या दोन्ही बाहेरच. तिने कवड्या टाकल्या. चारही उताण्या. चंगा, म्हणजे चार.

त्याची सोंगटी तिच्यापुढे बरोबर चार घरांवर होती.

अशा वेळी ती दुसरीच सोंगटी हलवायची. आजही हरता आलं असतं, 'हाच' म्हणता आलं असतं... पण समोरची खुर्ची रिकामी असती. जिंकली, तर पुढच्या रविवारबद्दल त्याला बोलावं लागणार होतं.

"एक... दोन... तीन..." ती बोटाने घरं मोजत गेली. "चार."

तिने त्याची सोंगटी उचलली.

"मोजता येते तुमाले?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग आतापर्यंत काऊन नाई मारली?"

"हरलेलाच खेळ ठरवते ना इथं..." ती मान वर न करता म्हणाली. "कवड्या टाका."

भूपेंद्रने टाकल्या, पण दान किती पडलं ते तिलाच सांगावं लागलं. दहा मिनिटांत ती जिंकली.

पुंडलिकराव खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते. "आज तू हरला का रे? बोल, पुढच्या रविवारी काय लिहू?"

"काका, मी पुढच्या रविवारी..." भूपेंद्र थांबला. त्याचा हात कानाकडे गेला.

पौर्णिमाने तो पाहिला.

"नोको जाऊ," ती म्हणाली.

भूपेंद्र फळ्याकडे वळला.

"हाच, काका," भूपेंद्र म्हणाला. "अन् पेन द्या जरा."

त्याने खिशातला अर्जाचा कागद पटावर पसरला, डाव्या हाताचा आडोसा करून कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

"दाखव," पौर्णिमा म्हणाली.

"रविवारी."

"उद्या साहेब वाचतीन, अन् मी नाई?"

त्याने हात बाजूला घेतला. लिहिलं होतं : 'लग्न ठरण्याच्या बेतात आहे.'

"कोणाशी?" तिने विचारलं. आवाज मात्र तिला हवा तितका कडक निघाला नाही.

"तेच विचारून राह्यलो..."

पौर्णिमाने त्याच्या हातून पेन घेतलं. पोरांच्या वह्या तपासताना मारते तशी एक सरळ रेघ 'ठरण्याच्या बेतात' या शब्दांवर मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'ठरलं'.