टपातला दिवा

मुलांनो, डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा. दवनीवाड्याची भर दुपार. कडुनिंबाखाली छोटेलालची पिकअप उभी आहे. मागे पत्र्याचा बंद टप, त्याला एकच दार. आत शिरलात तर चिखलाचा आणि ओल्या प्लास्टिकचा वास येईल. दार लावलं, तर आपला हातही आपल्याला दिसणार नाही.

या गाडीतून बाया धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जातात. परतल्यावर शेवटची बाई उतरली की तिने पत्र्यावर दोनदा हात आपटायचा. म्हणजे गाडी रिकामी; छोटेलाल दार लावून निघतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तो हात दहा वर्षांच्या रुचीने आपटला. आई उतरली, त्या आनंदात. आत, पावसासाठी पांघरायच्या प्लास्टिकांखाली, एकटी राहणारी देवकाबाई चक्कर येऊन पडली होती. रुची तिला मोठीमाय म्हणायची. सकाळी दार उघडलं, तेव्हा ती गेलेली होती.

रुचीला कोणीच रागावलं नाही. तरी वर्षभर ती धड बोलली नाही. यंदा रोवणी तोंडावर आली, तशी ती माझ्याकडे आली. मी आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवत असे.

"गुरुजी, टपात लाइट लावून द्या न. मंग कोणी आत राह्यलं त दिसंल."

"लावून देत नाही. शिकवतो. तूच लाव."

छोटेलाल हसला. "काऊन गुरुजी, माह्या गाडीत बारात नेऊन राहिले का?" मग त्याची नजर रुचीकडे गेली. तो स्वतःच जाऊन पेचकस घेऊन आला.

छताला एलईडीची पट्टी, दारापाशी बटण, काळी वायर गाडीच्या लोखंडाला, लाल वायर बॅटरीपर्यंत. तिने सगळं नीट जोडलं.

"फ्यूज सगळ्यात शेवटी," मी सांगितलं आणि फ्यूज खिशात ठेवला. फ्यूजशिवाय वीज पुढे जात नाही. तीस वर्षं मी हेच शिकवलं.

वायर दारात अडकत नाही ना, हे पाहायला रुचीने दार लावलं.

फटीत उजेड दिसला.

मी खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होता.

"बटण दाबलंस?"

"नाई, गुरुजी."

तेवढ्यात आतून पत्र्यावर हात पडला. एकदा.

दुसऱ्यांदा पडेल म्हणून आम्ही थांबलो. पडला नाही.

छोटेलाल मागे सरकला. रुची पुढे झाली. तिने दार उघडलं.

दिवा लागलेला होता. आत कोणी नव्हतं.

"उतर, मोठीमाय," रुची म्हणाली. "घर आलं." आणि तिने हात पुढे केला.

गाडीची मागची बाजू हलकेच वर आली, माणूस उतरल्यावर येते तशी. दिवा विझला.

मग रुचीने काय केलं? आत वाकून चारही कोपरे पाहिले. पत्र्यावर दोनदा हात आपटला. आणि देवकाबाईच्या घराच्या वाटेला लागली. एक हात जरासा बाजूला धरून, सावकाश, चिखल आला की थांबत.